एकसिलिंडरी परीक्षण-एंजिन : विहिरीपासून प्रयोगशाळेपर्यंत

१

यंत्रविद्येच्या इतिहासात शब्दांची शिथिलता पुष्कळदा विचारांच्या शिथिलतेस कारण होते. ‘प्रायोगिक एंजिन’ आणि ‘परीक्षण-एंजिन’ ह्या दोन संज्ञा आपल्या महाविद्यालयांतून व शोधप्रबंधांतून सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. वास्तविक त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ज्या एंजिनावर प्रयोग करावयाचा, म्हणजे ज्याची स्वतःची रचनाच कसोटीस लावावयाची, ते प्रायोगिक एंजिन. ज्या एंजिनाच्या साहाय्याने इंधन, वंगण किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या पदार्थाची परीक्षा करावयाची, ते परीक्षण-एंजिन. पहिल्यात एंजिन हा प्रश्न असतो. दुसऱ्यात ते मोजपट्टी असते. मोजपट्टीची पहिली अट ही की ती स्वतः बदलता कामा नये, किंवा बदललीच तर किती बदलली हे अचूक सांगता आले पाहिजे. ह्या भेदाच्या आधाराने महाराष्ट्रातील एकसिलिंडरी परीक्षण-एंजिनाचा इतिहास पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास पाश्चात्त्य देशांतील इतिहासाहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. तेथे परीक्षण-एंजिन बहुधा प्रश्नातून जन्मले. आपल्याकडे ते विहिरीवरून आले. ह्या उगमाचे परिणाम आपल्या संशोधनावर आजही होत असून त्यांची जाणीव मात्र फारशी दिसत नाही.

२

प्रथम एकच सिलिंडर का, ह्याचा विचार करू. चार किंवा सहा सिलिंडरांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरास हवा व इंधन सारख्याच प्रमाणात मिळते असे नाही. प्रत्येकाचे तापमान थोडे वेगळे असते, आणि मापनास जे हाती येते ते ह्या सर्वांचे सरासरी फळ असते. कारण आणि कार्य ह्यांचा संबंध जोडावयाचा तर सरासरी उपयोगाची नाही. एका सिलिंडरात मात्र जे घडते ते एकाच ठिकाणी घडते. शिवाय इंधनाचा नमुना थोडा पुरतो, सुटे भाग बदलणे सोपे जाते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

ह्या सोयींची किंमतही मोजावी लागते. चार धावांच्या एका सिलिंडरात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांतून एकदाच शक्तिधाव येते. मिनिटास १,५०० फेरे असतील तर दोन शक्तिधावांमध्ये ०.०८ सेकंदाचे अंतर पडते, आणि ह्या अवधीत गती टिकविण्याचे काम जड प्रचक्रास करावे लागते. वर-खाली होणाऱ्या दट्ट्याचे जडत्व तोलण्यास दुसरा दट्ट्या नसल्याने पाया भक्कम घालावा लागतो. घर्षणात वाया जाणारी शक्ती मोजण्याची एक प्रचलित रीत म्हणजे मोर्स-परीक्षा. तिच्यात एकेक सिलिंडर बंद करून उरलेल्यांची शक्ती मोजतात. तेव्हा एकच सिलिंडर असता ही परीक्षा संभवतच नाही. मग भार कमी-कमी करीत इंधनाच्या खपाची रेषा मागे वाढवून घर्षणाचा अंदाज घ्यावा लागतो, किंवा विद्युत्‌चलित्राने एंजिन फिरवून ते मोजावे लागते. थोडक्यात, एकसिलिंडरी एंजिन हे मोठ्या एंजिनाचे लहान रूप नव्हे. ते एक स्वतंत्र साधन आहे आणि त्याचे निष्कर्ष मोठ्या एंजिनास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

३

अशा साधनाची जाणीवपूर्वक केलेली पहिली मोठी रचना म्हणून इंग्लंडमधील हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) ह्यांच्या ‘ई-३५’ एंजिनाचा उल्लेख करावा लागतो. पेट्रोल-एंजिनात संपीडन गुणोत्तर वाढविले की कार्यक्षमता वाढते, परंतु एका मर्यादेपलीकडे सिलिंडरात ठोका ऐकू येऊ लागतो. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण स्वतःहून पेट घेते, त्याचा हा आवाज. ही मर्यादा इंधनाच्या गुणावर किती अवलंबून आहे, हा रिकार्डोंपुढील प्रश्न होता. १९१९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्यांच्या एंजिनाचा व्यास साडेचार इंच आणि धाव आठ इंच होती. एंजिन चालू असतानाच सिलिंडर वर-खाली सरकवून संपीडन गुणोत्तर ३.७ पासून ८ पर्यंत बदलता येत असे. इंधन बदलावे, ठोका येईपर्यंत गुणोत्तर वाढवावे आणि तो आकडा टिपून ठेवावा, अशी ही साधी पण निर्णायक पद्धती होती.

अमेरिकेत ह्याच विचाराला प्रमाणाचे रूप आले. इंधन-उत्पादक व वाहन-उत्पादक ह्यांच्या संयुक्त समितीसाठी वॉकेशॉ येथील कारखान्याने एक एकसिलिंडरी एंजिन तयार केले आणि ते जानेवारी १९२९ मध्ये अभियंत्यांसमोर मांडले. सव्वातीन इंच व्यास, साडेचार इंच धाव, सुमारे ६११ घन सेंटिमीटर धाव-घनफळ, आणि मळसूत्री दंतचक्राने सिलिंडर उचलून ४ पासून १८ पर्यंत बदलणारे संपीडन गुणोत्तर, ही त्याची मुख्य लक्षणे. ऑक्टेन अंकाची मोजणी ह्याच एंजिनावर स्थिर झाली. आयसो-ऑक्टेनला १०० आणि सरल हेप्टेनला शून्य मानून ह्या दोहोंच्या मिश्रणाशी तपासावयाच्या इंधनाची तुलना केली जाते. एका पद्धतीत एंजिन मिनिटास ६०० फेऱ्यांनी चालवितात, दुसरीत ९०० फेऱ्यांनी. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की ह्या एंजिनाने कधी पंप ओढला नाही की गाडी चालविली नाही. मोजणे हेच त्याचे काम आणि त्यासाठीच त्याची घडण.

४

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. पिंप्राळा हे आज जळगाव शहरात सामावून गेले असले, तरी त्याच्या भोवतीचा मुलूख तापी आणि गिरणा ह्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा, कापसाचा, केळीचा आणि विहिरींचा आहे. विहिरीतून पाणी काढण्याचे जुने साधन म्हणजे मोट. मोट ओढणारे बैल ज्या उतरत्या वाटेवरून खाली जातात व पुन्हा मागे येतात, तिला ‘धाव’ म्हणतात. मराठी यंत्रपरिभाषेत दट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या गतीसही ‘धाव’ हाच शब्द आहे. परिभाषाकारांनी तो मोटेवरूनच घेतला असा दावा करण्याचे कारण नाही. ‘धावणे’ ह्या क्रियापदातून तो दोन्हीकडे सहज जाऊ शकतो. तथापि अर्थाचे साम्य मार्मिक आहे. बैल एका मर्यादित अंतरात पुढे-मागे चालतो आणि पाणी वर येते; दट्ट्याही मर्यादित अंतरात पुढे-मागे चालतो आणि पाणी वर येते. ‘दट्ट्या’ हा बुचासाठी आणि ‘झडप’ हा दारासाठी असलेला शब्दही असाच घरगुती व्यवहारातून यंत्रात गेला आहे.

मोटेच्या जागी तेलावर चालणारे एंजिन येण्याची क्रिया महाराष्ट्रात विसाव्या शतकात घडली, आणि तिच्याशी किर्लोस्कर हे नाव निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ मध्ये बेळगावात आरंभ झालेला त्यांचा व्यवसाय पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर ह्यांच्याकडे वळला, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या-संस्थेतून अभियंता होऊन परतले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. नांगर, पंप आणि एंजिन हा क्रम आकस्मिक नाही. गिऱ्हाईक तेच होते, शेतकरी. आणि गरजही तीच होती, जमीन आणि पाणी.

ह्या कारखान्याच्या ‘एव्ही-१’ एंजिनाचा व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर आणि धाव-घनफळ ५५३ घन सेंटिमीटर. मिनिटास १,५०० फेऱ्यांना ते ३.७ किलोवॉट, म्हणजे पाच अश्वशक्ती देते. ब्रिटनमधील पेटर कंपनीच्या ‘एव्ही-१’ एंजिनाचे नाव व माप हेच आहे. ह्या साम्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक विशेष गोष्ट दडलेली आहे. पेटर एव्ही-१ हे एकीकडे बाजारात विकले जाणारे साधे कामकरी एंजिन होते, आणि दुसरीकडे ब्रिटनमध्ये वंगण-तेलांच्या परीक्षेसाठी प्रमाण म्हणून मानलेले परीक्षण-एंजिनही होते. ठरावीक तास ते चालवावयाचे, मग उघडून दट्ट्या, कड्या व त्यांवरचा काजळीचा थर तपासावयाचा, अशी ती परीक्षा होती. तेव्हा विहिरीवरचे एंजिन प्रयोगशाळेत येणे ही केवळ आपल्या गरिबीची तडजोड होती, असे म्हणता येणार नाही. हा मार्ग अन्यत्रही मान्य झालेला होता. फरक एवढाच की तेथे प्रयोगशाळेतील एंजिनासाठी लेखी शिस्त निर्माण झाली. इंधन कोणते, तापमान किती, किती तासांनी काय तपासावे, हे सर्व ठरलेले असे. आपल्याकडे एंजिन आले, पण ती शिस्त त्याच्याबरोबर सर्वत्र आली नाही.

५

पुढे ह्याच कारखान्याचे ‘टीव्ही-१’ हे एंजिन भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इतके रूढ झाले की डिझेल-एंजिनावरील असंख्य भारतीय शोधनिबंधांत त्याचेच कोष्टक पुन्हा पुन्हा भेटते : व्यास ८७.५ मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर, धाव-घनफळ ६६१ घन सेंटिमीटर, संपीडन गुणोत्तर १७.५, मिनिटास १,५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॉट. ह्यातील १,५०० हा आकडा कोणत्याही प्रयोगाच्या गरजेतून आलेला नाही. आपला विद्युत्‌पुरवठा ५० आवर्तनांचा आहे, आणि चार ध्रुवांचे जनित्र त्यासाठी मिनिटास १,५०० फेरेच घ्यावे लागते. एंजिन पंपास किंवा जनित्रास जोडावयाचे, म्हणून ही गती. परिणामी ज्या प्रश्नांचे उत्तर गती बदलल्याखेरीज मिळत नाही, ते प्रश्न आपल्या प्रयोगशाळांत कमी विचारले गेले. आणि भार बदलून ज्यांचे उत्तर मिळते, ते मात्र शेकडो वेळा विचारले गेले. साधनाने प्रश्नांची निवड केली, असा ह्याचा अर्थ.

ह्या एंजिनास परीक्षण-एंजिनाचे खरे सामर्थ्य देण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगली येथील एपेक्स इनोव्हेशन्स ह्या संस्थेने बनविलेल्या परीक्षण-संचात सिलिंडरचा ठोकळा एका बाजूस कलता करण्याची योजना आहे. ठोकळा कलला की दट्ट्याच्या वरील मोकळी जागा बदलते, आणि संपीडन गुणोत्तर साधारणपणे १२ पासून १८ पर्यंत हलविता येते. एंजिन थांबवावे लागत नाही, आणि ज्वलनकक्षाचा आकारही बिघडत नाही. रिकार्डोंनी सिलिंडर सरळ उचलला, वॉकेशॉच्या अभियंत्यांनी तो दंतचक्राने चढविला, सांगलीकरांनी तो कलविला. साध्य एकच, साधने तीन. शेतीच्या एंजिनास मोजपट्टी बनविण्याची ही पायरी आपल्या तांत्रिक इतिहासात नोंदली जावयास हवी. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (१९६६) किंवा डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था (१९६०) ह्यांचा इतिहास संस्थांच्या अहवालांतून सापडतो. सांगलीच्या कारागिरीचा इतिहास मात्र विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतील एका कोष्टकापुरता उरतो.

६

ह्या साधनावर आपण काय मोजले? एक मोठा विषय म्हणजे वनस्पती-तेले. १९०० मधील पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल-एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविले गेले होते, ही गोष्ट स्वतः रूडॉल्फ डिझेल ह्यांनी पुढे नमूद केली आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून भारतात जैव इंधनाची चर्चा वाढली, तशी करंज, मोगली एरंड आणि सरकी ह्यांच्या तेलांपासून बनविलेल्या एस्टरांची परीक्षा ठिकठिकाणी होऊ लागली. खानदेशास ह्यातील सरकी घरची आहे. कापूस पिंजण्यापूर्वी सरकी वेगळी होते, तिचे तेल निघते, पेंड जनावरांस जाते. पिंप्राळ्याहून पश्चिमेस गिरणा ओलांडली की बांभोरीच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३) आणि विद्यापीठ (१९९०) ही दोन्ही लागतात. शेत, सरकी, एंजिन आणि प्रयोगशाळा काही कोसांच्या आत एकत्र यावीत, असा योग थोड्याच प्रदेशांस लाभतो.

परंतु ह्याच ठिकाणी मोजपट्टीचा प्रश्न तीव्र होतो. थोडे गणित करून पाहू. टीव्ही-१ एंजिन पूर्ण भारावर ५.२ किलोवॉट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता तीस टक्के धरली, तर दर शक्तिधावेस सुमारे ३३ मिलिग्रॅम डिझेल जळते. सेकंदास सुमारे ०.४१ ग्रॅम. महाविद्यालयीन प्रयोगात इंधनाचा खप बहुधा काचेच्या मापननळीने आणि सेकंद-घड्याळाने मोजतात. २० घन सेंटिमीटर डिझेल संपण्यास सुमारे ४१ सेकंद लागतील. घड्याळ दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली, तर उत्तरात सव्वा टक्क्याची चूक येते. १० घन सेंटिमीटरच मोजले, तर हीच चूक अडीच टक्क्यांची होते. एस्टरांची उष्णता-शक्ती डिझेलपेक्षा साधारणतः दहा-बारा टक्के कमी असते, म्हणून खपातील वाढ ह्या साधनाने निश्चित दिसेल. पण एका मिश्रणाची कार्यक्षमता दुसऱ्यापेक्षा एका टक्क्याने सरस ठरली असे विधान केवळ ह्या मापनावर केले, तर ते विधान इंधनाविषयीचे आहे की घड्याळावरील अंगठ्याविषयीचे, हे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण संपीडन गुणोत्तराचे. ६६१ घन सेंटिमीटर धाव-घनफळास १७.५ हे गुणोत्तर हवे असेल, तर दट्ट्या वरच्या टोकास असताना उरणारी जागा सुमारे ४० घन सेंटिमीटरच असते. ही जागा केवळ एका घन सेंटिमीटरने वाढली तरी गुणोत्तर १७.१ वर उतरते. ह्या व्यासाच्या सिलिंडरात एक घन सेंटिमीटर म्हणजे उंचीत मिलिमीटरचा सुमारे सहावा हिस्सा. एंजिन उघडून पुन्हा बांधताना हेडखाली थोडे जाड गॅस्केट बसले, की एवढा फरक पडू शकतो. विहिरीवर त्याने काही बिघडत नाही. पाणी येतच राहते. प्रयोगशाळेत मात्र मोजपट्टीच बदललेली असते, आणि प्रबंधातील कोष्टकात १७.५ हा छापील आकडा तसाच राहतो.

७

ह्या ठिकाणी भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट सांगावीशी वाटते. दट्ट्या आणि हेड ह्यांमधील अंतर कसे मोजावे, हे मिस्त्री जाणतो. दट्ट्यावर शिशाची तार ठेवून, हेड बसवून, एंजिन हाताने फिरवावयाचे आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजावयाची, ही त्याची नित्याची रीत आहे. ‘एंजिन लोड घेत नाही’, ‘धूर मारते’ ही त्याची वाक्ये ढोबळ वाटली तरी ती निरीक्षणे आहेत. पहिल्यातून शक्तीची घट कळते, दुसऱ्यातून अपुरे ज्वलन किंवा कड्यांची झीज. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आणि मराठी विश्वकोशाने अंतर्ज्वलन-एंजिनावर विस्तृत लेखन केले. हे कार्य मोलाचे आहे. परंतु कोशातील मराठी मिस्त्रीपर्यंत गेली नाही, मिस्त्रीची मराठी कोशात आली नाही, आणि शोधप्रबंध तर ह्या दोहोंस वगळून इंग्रजीतच लिहिला गेला. परिणाम असा की एंजिन केव्हा उघडले, काय बदलले, तारेने किती अंतर दाखविले, ही माहिती बोलण्यात राहिली, नोंदीत आली नाही. ज्याला आपण साधनाचा इतिहास म्हणतो तो अशा रीतीने तोंडी राहून लोपतो.

म्हणून परीक्षण-एंजिनाची रचना करणे म्हणजे केवळ नवे एंजिन घडविणे नव्हे. आपल्या महाविद्यालयांतील एंजिन मुळात शेतासाठी घडलेले आहे ह्यात कमीपणा नाही. किंबहुना आपल्या शेतकऱ्याच्या इंधनाविषयी बोलावयाचे तर त्याच्याच एंजिनावर बोलणे अधिक युक्त आहे. वॉकेशॉच्या यंत्रावरील अंक जगभर ताडून पाहता येतो. पण सरकीच्या एस्टरावर गिरणाकाठचा पंप किती तास निर्वेध चालेल, हे त्या यंत्राकडून कळणार नाही. ते शेतातील एंजिनच सांगेल, मात्र त्यास आधी मोजपट्टी बनविले पाहिजे. त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. प्रत्येक एंजिनास एक नोंदवही असावी. एंजिन उघडल्याचा दिवस, गॅस्केटची जाडी, शिशाच्या तारेचे माप, नोझलचा दाब आणि चाललेले तास तीत मराठीत, मिस्त्रीच्या शब्दांत लिहिलेले असावेत. प्रत्येक प्रयोगमालेच्या आधी व नंतर साध्या डिझेलवर तीच परीक्षा करून दोन्ही आकडे प्रबंधात द्यावेत. दोहोंत अंतर पडले, तर मधल्या सर्व निष्कर्षांचा पुनर्विचार करावा.

रिकार्डोंचे मोठेपण त्यांच्या एंजिनातील नावीन्यात जितके आहे, तितकेच एका वेळी एकच गोष्ट बदलण्याच्या आणि बाकीच्या गोष्टी स्थिर राखण्याच्या त्यांच्या आग्रहात आहे. यंत्र कारखान्यातून विकत मिळते. हा आग्रह प्रत्येक विभागास स्वतःच जोपासावा लागतो. मोटेच्या धावेवर बैल हाकणारा शेतकरी दिवसाकाठी किती मोटा निघाल्या ह्याचा हिशेब ठेवीत असे, कारण त्यावर पीक अवलंबून होते. आपल्या परीक्षण-एंजिनाच्या धावांचा हिशेबही तितक्याच काळजीने ठेवला जावा, कारण त्यावर आपल्या निष्कर्षांची सत्यता अवलंबून आहे.